नळीच्या तोंडातली चिंधी

ही गोष्ट खरी आहे. मी रचली असती, तर जरा बरी रचली असती.

यात अमावास्या नाही, वडाचं झाड नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. जे झालं ते दिवेलागणीला झालं. गॅसवर चहा होता, टीव्ही चालू होता, घरात माणसं होती.

आमचं गाव साखरखेर्ड्याजवळ आहे. नाव लिहीत नाही. गावातली पोरं हे पेज वाचतात, आणि मग गिरणीत दळण टाकायला गेलं की मलाच विचारतात, "वहिनी, ते खरं हाय काय वो?"

हो. खरं आहे.

आणखी एक आधीच सांगते. बंदूक परवान्याची होती. रानडुकरं मारायला वनखात्याची परवानगी होती. शेत आमचं होतं. यावरून कमेंटमध्ये भांडू नका. माझ्यात आता भांडायची ताकद नाही.

मी योगिनी. माहेर देऊळगाव राजा. माझा नवरा हर्षल. लिहिताना अरे-तुरे करते, घरात अहोच म्हणते. साखरखेर्ड्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा भरून द्यायचा. तांब्याची तार दोन्ही हातांनी अशी भराभर गुंडाळायचा की बघत राहावं.

'होतं' लिहिलंय. का, ते पुढे येईल.

घरात आम्ही दोघं, सासूबाई सुभद्राबाई, आणि सासरे अर्जुनराव. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं.

आबांकडे ठासणीची बंदूक होती. त्यांच्या वडिलांपासूनची. काडतूस घातलं आणि झालं, असं तिचं नव्हतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची. त्यावर कापडाचा बोळा. त्यावर गोळी. पुन्हा बोळा. आणि लोखंडी गजाने सगळं आत ठासायचं. एकदा बार भरला की तो उडवूनच मोकळा करायचा. घोड्याखालची तांब्याची टोपी मात्र शेतात गेल्यावरच लावायची, घरात कधीच नाही.

बाहेरून बघून ही बंदूक भरलेली आहे की रिकामी, ते कळत नाही. म्हणून आबांचा एक कायदा होता.

बार भरला, की नळीच्या तोंडात चिंधी खोचायची.

चिंधी आहे म्हणजे भरलेली. चिंधी नाही म्हणजे रिकामी.

चिंधी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची असायची. हिरवं लुगडं, विटकरी काठाचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आबांनीच आणलेलं. नेसून नेसून विरलं, तेव्हा आबांनी ते मागून घेतलं. बोळेही त्याचेच, चिंधीही त्याचीच. सासूबाई म्हणायच्या, "ह्या माणसानं जलमात एक लुगडं हौसेनं आनलं, आन तेबी फाडून वापस घेतलं."

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी नेम धरायचं सोडलं. शेतात हर्षल जायला लागला. पण बंदूक भरायचं काम आबांनी कुणाला दिलं नाही.

हर्षल दुकान बंद करून दिवेलागणीला यायचा. तोवर आबांनी ओट्यावर बसून बार भरलेला असायचा. मी आत चहा टाकायची आणि बाहेरून गजाचा आवाज यायचा.

ठक... ठक... ठक.

तीनदा. कधी दोनदा नाही, कधी चारदा नाही. मग खुंटीवर बंदूक अडकवल्याचा आवाज. मग आबांचं खोकणं.

हर्षल आला की चहा प्यायचा, खुंटीवरून बंदूक काढायचा, म्हणायचा, "आबा, येतो." आणि जायचा.

इतकंच. बापलेकांत याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही.

*

आबा गेले ते चैत्रात. उन्हाळी भुईमूग होता, डुकरं रोज येत होती.

मी चहा टाकला होता. बाहेर गज वाजला.

ठक... ठक...

तिसरा ठोका आला नाही.

मी थांबले. दूध उतू गेलं. गॅस बंद करून बाहेर आले, तर आबा खांबाला टेकलेले होते आणि गज नळीतच उभा होता.

शेजारच्या शेताचे कचरूकाका आबांचे दोस्त. पोरपणापासूनचे. सगळी धावपळ त्यांनी केली. डॉक्टरला आणलं त्यांनी, साखरखेर्ड्याहून कफनाचं कापड आणलं त्यांनी. तेरावं झाल्यावर तो अर्धा भरलेला बारही त्यांनीच शेतात नेऊन मोकळा केला.

परवान्याची कागदं हर्षलच्या नावाने होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा राहिली. पोळा झाल्यावर परत मिळाली. देताना हवालदाराने आमच्यासमोर नळीत गज टाकला.

ठण्ण.

रिकाम्या नळीत गज तळाला लागला की असाच वाजतो. भरलेल्या नळीत बोळ्यावर पडतो, तेव्हा आवाज बसका येतो आणि गजही वर उरतो. हवालदार म्हणाला, "बघा, रिकामी आहे. सही करा."

आम्ही बंदूक घरी आणून खुंटीवर अडकवली. रिकामी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हर्षल दुकानातून आला. मका दुधात आला होता, डुकरांनी एक कोपरा लोळवलाही होता. हा आता स्वतः बार भरणार म्हणून दारूची डबी शोधायला लागला. खुंटीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

"योगिनी... तू हात लावला काय बंदुकीले?"

"नाही."

"मंग हे काय हाय?"

मी पाहिलं.

नळीच्या तोंडात चिंधी होती.

हिरवी. विटकरी काठाची.

त्याने चिंधी काढली आणि गज आत सोडला. ठण्ण झालं नाही. बसका आवाज आला, आणि गज वर राहिला.

बार भरलेला होता.

*

त्याने कचरूकाकांना विचारलं. काका म्हणाले, "येडा झाला काय बे? मी तुह्या घरात आलोच कवा?" सासूबाईंना विचारलं. त्यांनी उठून पत्र्याची पेटी उघडली, लुगडं बाहेर काढलं, उलगडलं.

एक पट्टी फाडलेली होती. ताजी. दोरे लोंबत होते.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आबा गेल्यापासून मला तसं काहीच नीट वाटत नव्हतं, जेवताना चवसुद्धा. मी चहा गाळला आणि सगळ्यांना दिला.

हर्षल त्या दिवशी ती भरलेली बंदूक घेऊन गेला. उडवल्याशिवाय ती रिकामी होणारच नव्हती. एका बारात डुक्कर पडलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आबांचाच बार हाय तो," म्हणाला. "खांद्याले अजिबात धक्का नाई. दारूचं तेच माप. मले नाई जमत तसं भराले."

पुढच्या संध्याकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. टीव्हीचा आवाज बंद केला.

चहाला आधण आलं. आणि ओट्यावरून...

ठक... ठक...

मी श्वास धरला.

ठक.

मग खुंटीवर बंदूक अडकवल्याचा आवाज.

खोकणं मात्र नाही. तेवढं आलं नाही. मी वाट बघत उभी राहिले आणि चहा आटून गेला.

बाहेर आले तर ओटा रिकामा. नळीच्या तोंडात चिंधी.

मग हे रोजचंच झालं. माणसाला कशाचीही सवय होते. हर्षल दिवेलागणीला यायचा, चिंधी बघायचा, बंदूक काढायचा आणि रिकाम्या ओट्याकडे बघून म्हणायचा, "आबा, येतो."

मी त्याला म्हणायची, "रोज गज टाकून बघत जा हो. चिंधीवर काय भरवसा?"

तो हसायचा. "आबांचा कायदा हाय. चिंधी हाय म्हंजे भरलेली, चिंधी नाई म्हंजे रिकामी. ह्याच्यात चूक झाली नाई कवा."

सासूबाई मात्र बसून राहायच्या. भीतीने नाही. त्यांना वाईट वाटायचं. मेलेल्या माणसाला काम सुटत नाही, हे त्यांना बघवत नव्हतं. एकदा त्या खुंटीसमोर उभ्या राहून बोलल्या. मी दाराआडून ऐकलं.

"बस करा न आता. पोरगं मोठं झालं. भरते त्याचं तो. तुमी जा न तिकडं, आराम करा."

त्या संध्याकाळीही ठोके वाजले.

तीनच.

*

नवरात्राच्या आधी एक गोष्ट झाली. तीही सांगायला हवी.

आबांचा आणखी एक नियम होता. पिलांवाल्या डुकरिणीवर बार टाकायचा नाही. पीक गेलं तरी चालेल. हर्षलकडून तो मोडला. मक्यात हललं म्हणून त्याने उडवला, आणि पडली ती मादी निघाली. पिलं तिच्याभोवती फिरत राहिली. कचरूकाका बॅटरी धरून होते. त्यांनी बॅटरी विझवली आणि म्हणाले, "अर्जुनरावानं असं नसतं केलं."

हर्षल घरी येऊन न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी चिंधी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होती. मला वाटलं, आबांनी माफ केलं.

मग घटस्थापना झाली. त्यानंतर लगेचच एक दिवस मी संध्याकाळी गिरणीत गेले होते. सासूबाई देवीच्या आरतीला गेल्या होत्या. घरात कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी ठोके वाजले की नाही, हे म्हणून कुणालाच माहीत नाही.

पुढचं मला हर्षलने आणि कचरूकाकांनी सांगितलं ते असं. हर्षल दुकानात असतानाच काकांचा फोन आला. "डुकरं मक्यात शिरली, लौकर ये." तो गाडी उभी करून तसाच खुंटीपाशी गेला.

नळीच्या तोंडात चिंधी नव्हती.

तो म्हणतो, त्याच्या छातीत एकदम काहीतरी रिकामं झालं. आज आबा आले नाहीत. संपलं. मग त्यालाच वाटलं, बरं झालं, सुटले.

चिंधी नाही म्हणजे रिकामी. त्याने डबी काढली, दारू ओतली. बोळ्यासाठी पेटीत लुगडं बघितलं, ते सापडलं नाही. दुकानात मोटारी पुसायच्या रंगीत चिंध्या त्याच्या खिशात होत्या, त्या घातल्या. गोळी घातली. ठासलं. अंधारून आलं होतं, फोन पुन्हा वाजत होता. गज किती वर राहिला, हे त्याने बघितलं नाही.

मी पिठाचा डबा घेऊन घराकडे येत होते. आमच्या शेताकडून बार ऐकू आला.

आबांच्या बारानंतर समोरच्या टेकडीवरून आवाज परत यायचा. नेहमी.

या बारानंतर काहीच परत आलं नाही.

मी डबा खाली ठेवला. झाकण नीट लावलं. का लावलं, माहीत नाही. मग पळाले.

*

नळी घोड्याच्या पुढे फाटली होती. नळीत दोन बार होते, एकावर एक.

हर्षल वाचला. डावा पंजा गेला. जालन्याला मोठ्या दवाखान्यात होतो आम्ही, दिवाळीही तिथेच झाली. बंदुकीचे तुकडे पोलिसांनी नेले. पंचनाम्यात लिहिलं, चुकून दुबार भरल्याने अपघात. बरोबर लिहिलं. दुसरं ते काय लिहिणार?

दवाखान्यात एकदा कचरूकाका आले. हर्षल झोपला होता. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"हे तिथं पडलेलं होतं मक्यात. धुपत होतं. म्या विझवलं."

आत कापडाचा जळका तुकडा होता. बार उडाला की बोळे असे जळत बाहेर पडतात.

पण हर्षलने घातलेल्या चिंध्या रंगीत होत्या. हा तुकडा पांढरा होता. कोरं मांजरपाट, न धुतलेलं. जळलेल्या वासातूनही त्याचा खळीचा वास येत होता.

"आपल्या घरात असलं कापड नाही, काका."

काका माझ्याकडे बघत नव्हते.

"हाव. घरात कुठून येईन? हे म्या आनलं होतं, चैत्रात. साखरखेर्ड्याहून. मले ठाव हाय न त्याचा सूत."

"ते तर... आबांसोबत गेलं ना, काका?"

"गेलंच. माह्या डोयासमोर जयलं."

त्यांनी पुडी बांधली आणि खिशात ठेवली. मी आत जाऊन हर्षलच्या सलाईनकडे बघत बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

आम्ही घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सगळं कळलं. अंघोळीच्या पाण्यासाठी मी बंब पेटवायला घेतला. इतके दिवस तो कुणी वापरलाच नव्हता. राख काढताना हाताला काहीतरी लागलं. अर्धवट जळलेला काठ.

विटकरी.

सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला काठ पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. 

लुगडंच नसलं, तर तो माणूस बार भरणार कसा? मग थांबेल, सुटेल. इतकाच विचार केला होता त्यांनी. म्हणून त्या दिवशी सकाळी बंबात घातलं होतं.

तो थांबला नाही. लुगडं मिळालं नाही, तर अंगावर जे होतं ते फाडलं. बोळ्यांपुरतं फाडलं. नळीच्या तोंडात खोचायला काही उरलं नसेल.

हे मी माझ्या मनाने जुळवलंय. खरं काय, ते मला माहीत नाही.

*

दुकान बंद झालं. एका हाताने तार भरता येत नाही.

हर्षल वर्षभर एकच प्रश्न विचारत राहिला. मोठ्याने नाही. जेवताना, अंथरुणात, मधेच.

"आबानं त्या दिवशी चिंधी काऊन नाई लावली?"

मी म्हणायची, "जेवा."

"ते पिलावालीचं हाय न... त्याच्यानं रागावले असतीन. मले शिकवाले केलं असंन."

सासूबाई ऐकायच्या. त्यांचा हात ताटात थांबायचा. तोंड उघडायच्या, मिटायच्या. पोराला काय सांगणार, तुझा हात माझ्यामुळे गेला म्हणून? सांगितलं नाही, तर पोरगं बापाला दोष देत राहणार. त्या दोन्हींच्या मध्ये सुकत चालल्या होत्या. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं.

मीही सांगितलं नाही. ते सांगणं त्यांचं होतं.

संध्याकाळी ओट्यावर आता काही वाजत नव्हतं. खुंटी रिकामी होती. मी चहा टाकायची आणि कान मात्र तिकडेच असायचा. काही न वाजणं जास्त जड जातं, हे मला तेव्हा कळलं.

या वर्षी आम्ही शेताला झटका मशीन बसवलं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तार फिरवायची आणि मशीनमधून तिला करंटचा झटका द्यायचा. डुक्कर मरत नाही, पळतं. हर्षलने एका हाताने जोडणी केली, मी तार ओढून दिली. मशीनचा डबा विहिरीजवळच्या खांबावर लावला. सकाळी बंद करायचं, दिवेलागणीला चालू करायचं. ते काम त्याने स्वतःकडे ठेवलं.

पोळा झाला. मका दुधात आला.

एका संध्याकाळी तार एका जागी तुटलेली दिसली, म्हणून हर्षल, मी आणि सासूबाई तिघंही शेतात गेलो. सासूबाई शेंगा तोडायला म्हणून आल्या होत्या. मशीन बंद होतं. सकाळी हर्षलने माझ्यासमोरच बंद केलं होतं.

हर्षल तारेपाशी बसला. उजव्या हातात तार, डावा कोपर तिच्यावर दाबून धरायला पुढे केलेला.

आणि मला ऐकू आलं...

टक.

हे मशीन चालू असलं की वाजतं. झटका सुटला की एकदा.

टक... टक...

"हात काढा!" मी ओरडले.

त्याने काढला. तार हातातून सुटली आणि ओल्या गवतावर पडली. पडताच गवतात बारीकशी ठिणगी दिसली.

मी खांबाकडे पळाले. जवळपास कुणी नव्हतं. कचरूकाकांचं शेतही रिकामं होतं. डब्याचं बटण चालूकडे वळलेलं होतं.

आणि बटणाला एक चिंधी बांधलेली होती.

हिरवी. विटकरी काठाची. ताजी फाडलेली, दोरे लोंबत होते.

मी मशीन बंद केलं. चिंधीला हात लावला नाही. सासूबाई मागून आल्या, ओच्यात शेंगा होत्या. त्यांनी चिंधी पाहिली आणि ओचा सुटला.

त्यांनी ती सोडवली. काठ बोटांमधून फिरवला. वास घेतला. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा नीट आवाज ऐकला.

"हे म्या जायलं होतं."

हर्षल उठून आला होता. "काय?"

"लुगडं. म्या जायलं बाप्पा, बंबात. तुह्या बापानं थांबावं म्हनून. त्या दिवशी त्याहिले चिंधी भेटलीच नाई. त्याहिची काई चूक नाई. माही हाय."

 मक्याच्या पात्यांतून वारा जात होता. मला वाटलं, आता तो ओरडेल, नाहीतर निघून जाईल.

तो म्हणाला, "म्हंजे आबा रागावले नव्हते."

"नाई रे."

मग तो खाली बसला आणि रडला. लहान पोरासारखा रडला. सासूबाईंनी त्याचा तुटका हात पदरात घेतला. मी उभी राहून दोघांकडे बघत होते. 

ती चिंधी आता देवघरात आहे. कचरूकाकांनी ती पाहिली, हातात घेतली, परत ठेवली. 

मशीन अजून चालू आहे. कधीकधी आम्ही पोचायच्या आधीच चालू झालेलं असतं. तेव्हा बटणाला चिंधी असते. आम्ही तारेला हात लावत नाही. हर्षल खांबाकडे बघून म्हणतो, "आबा, आलो." आणि आम्ही परत येतो.

लोक म्हणतात, शांत करून घ्या, पूजा घाला. सासूबाई नको म्हणतात. एकदा थांबवायला गेलो, त्याचं काय झालं ते बघितलं.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. जळून गेलेल्या लुगड्याच्या या पट्ट्या येतात कुठून, ते माहीत नाही. किती उरल्यात, तेही माहीत नाही. प्रत्येक वेळी पट्टी आधीपेक्षा अरुंद असते. परवाची करंगळीएवढी होती.

म्हणून दिवेलागणीला मीच आधी पुढे जाते. हर्षलला धुऱ्यावर थांबवते, खांबाकडे बघते, आणि चिंधी नसली तरी एक ओली गवताची काडी तारेला लावते.

हातापर्यंत झटका आला नाही, तरच त्याला हाक मारते.